वाकणाऱ्या लाकडाचं काम

आमच्या घरातली सुतारकी न वाकणाऱ्या लाकडाची. नांगर, कुळव, वखर, तिफण, जू, बैलगाडी. यातलं काहीही वाकलं की शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा. म्हणून वडिलांचा सारा भरवसा बाभळीवर. सोट तोडला की तो पावसाळाभर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे. त्यातला चीक पाण्यात उतरला की लाकडाला किडा कमी धरतो. मग तो सावलीत उभा करून वाळवायचे आणि तेव्हाच वाकस हातात घ्यायचे. खळ्यावर रास पडली की त्यातून बलुतं यायचं. मी हे सगळं लहानपणी पाहिलं, पण माझ्या हातात रंधा आला तोवर शेतात लोखंडी औजारं आणि ट्रॅक्टर आले होते.

आमच्या गावी, येरमाळ्यात, आज माझं पोट चौकटी, दारं, कपाटं आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवर चालतं. प्लायवूडची शीट टेम्पोतून उतरते. तिचं झाड कुठलं, ते कुठल्या उतारावर वाढलं, वारा कुठून लागत होता, हे कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही पडत नाही. मोजायचं, कापायचं, चिकटवायचं. या कामात पैसा आहे, पण लाकूड ओळखायची जी नजर वडिलांकडे होती ती त्यात लागत नाही, त्यामुळे हळूहळू जाते.

अशात एका शाळेचे क्रीडाशिक्षक दुकानी आले. म्हणाले, “मिस्त्री, लाकडाचं धनुष्य जमेल का? टोकं उलटी वळलेली पाहिजेत.”

मी म्हटलं, “सर, जत्रेत मिळतात की.”

“ती खेळण्यातली. मला पोरांच्या सरावासाठी पाहिजेत.”

सरांचं म्हणणं सरळ होतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुराच्या घरातून टोकियो ऑलिंपिकला गेला. हे ऐकून आमच्याकडची पोरंही विचारायला लागली. पण स्पर्धेचं रिकर्व्ह धनुष्य, बाण आणि बाकीचं सामान धरून लाखाच्या पुढे जातं. आपल्या देशात या खेळाचा आणखी एक प्रकार आहे, इंडियन राउंड. त्यात बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य घेऊन ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात. दुर्बिणीसारखी नेमयंत्रं नाहीत, तोल धरणारे दांडे नाहीत. खेड्यातल्या मुलाला आत शिरायला एवढंच दार उघडं आहे, असं सरांचं मत. स्पर्धेच्या नियमांचं ते बघणार होते, लाकडाचं मी बघायचं.

आमचा मुलूखच तसा धनुष्यबाणाच्या गोष्टींनी भरलेला. गावाशेजारच्या डोंगरावर येडेश्वरी. सीतेच्या रूपात रामाची परीक्षा पाहायला आलेली पार्वती ती हीच, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. महामार्गाने धाराशिवकडे निघालं की येडशीजवळ रामलिंग. तिथे जटायू पडला आणि त्याला पाणी पाजायला रामाने बाण मारून झरा काढला, अशी कथा. तुळजापूरच्या भवानीच्या आठ हातांतही धनुष्य आणि बाण आहेतच. येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत पालखी आमराईत जाते, लाखो लोक चुनखडी वेचतात आणि त्याच गर्दीत पोरांच्या खांद्याला रंगीत कागद लावलेली बांबूची धनुष्यं लटकत असतात. इतकं असून या भागात खरं धनुष्य करणारा माणूस माझ्या माहितीत नव्हता. सातपुड्यात भिल्लांकडे तीरकामठ्याची परंपरा चालू आहे. ते बांबूचं धनुष्य करतात आणि दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची लावतात. आमच्या हाताला ते वळण नव्हतं.

पहिला प्रश्न लाकडाचा. सवयीने माझं लक्ष बाभळीकडे गेलं. बाभूळ ताकदीची, पण जड आणि वाकडीतिकडी वाढणारी. पाच फुटांचा सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणं मुश्कील. सागवान देखणं आणि टिकाऊ, पण ते आडवळणाला मोडतं. धनुष्याला असं लाकूड लागतं जे बरंच वाकेल, न तुटता वाकेल आणि सोडलं की होतं तसं सरळ होईल. यातल्या पहिल्या दोन अटी पुरी करणारी लाकडं पुष्कळ आहेत. तिसऱ्या अटीला फार थोडी उतरतात. धामण उतरते. खांद्यावरच्या कावडीचा दांडा आणि कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा का घेतात, हे मला त्या दिवसांत नव्याने उमगलं. दांड्याने खांद्यावरचा झोका सहन करायचा असतो आणि कुऱ्हाडीचा हिसका हाताला लागू द्यायचा नसतो.

रामलिंगचं जंगल अभयारण्य आहे, तिथल्या काडीलाही हात लावता येत नाही. मला मिळाली ती एका शेतकऱ्याच्या बांधावर वादळात आडवी झालेली धामण. ती मी करवतीवर नेली नाही. पाचर मारून उभी चिरली. करवत सरळ रेघेत जाते, लाकडाची रेघ मात्र झाडाच्या मनाप्रमाणे जाते. करवतीने कापलेल्या फळीत रेघ मध्येच कडेला पळून जाते आणि धनुष्य नेमकं तिथे तुटतं. पाचरीने चिरलं की लाकूड स्वतःच्या रेघेवरच फाटतं. तुकडा थोडा वळणदार निघतो, पण टोकापासून टोकापर्यंत धागा अखंड राहतो. चिरलेल्या तुकड्यांच्या दोन्ही तोंडांना लगेच रंग फासला. लाकडातलं पाणी तोंडाकडून झपाट्याने जातं आणि तडा तिथूनच सुरू होतो. मग सारे तुकडे दुकानाच्या माळ्यावर, उन्हापासून लांब ठेवले. सरांना घाई होती. मी त्यांना सांगितलं, “सर, पोरं एक वर्ष थांबतील, लाकडाला घाई चालणार नाही. ओलं वाकवलं तर वाकलेलंच राहील.”

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. बाण मारणाऱ्याकडे येते ती बाजू पोट, समोर लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठ दगा देते तेव्हा ती एका क्षणात फाटते. पोट दगा देतं ते हळूहळू, बारीक सुरकुत्या पडून. म्हणून पाठीवरचा एकही धागा कापला जाऊ नये, हा या कामाचा पहिला नियम. यावर एक जुना उपाय आहे, पाठीवर बांबूची पट्टी चढवायची. बांबूचा सगळा जोर त्याच्या सालीलगतच्या दाट धाग्यांत असतो आणि ताण सोसण्यात त्याची बरोबरी करणारं लाकूड आमच्याकडे नाही. पट्टी आतून तासायची, तीन-चार मिलीमीटरवर आणायची, पण बाहेरच्या सालीला रंधा लावायचा नाही. पेरावरचा उंचवटासुद्धा तसाच ठेवायचा. बांबू मिळवणं सोपं गेलं. २०१७ साली वनकायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतातलं बेट तोडायला आता वनखात्याची परवानगी लागत नाही.

आता टोकं उलटी का वळवायची? कॅलेंडरवरच्या रामाच्या हातात तसं असतं म्हणून, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामागे हिशेब आहे. सरळ लाकडाचं धनुष्य आखूड करता येत नाही, ओढीच्या दुपटीहून जास्त लांबी द्यावी लागते, नाहीतर ते मोडतं. अलेक्झांडरच्या स्वारीबद्दल लिहिणाऱ्या एरियनने नोंदवून ठेवलंय की हिंदी सैनिकाचं धनुष्य त्याच्याच उंचीचं असे आणि एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून तो ते ओढत असे. दहा-बारा वर्षांच्या पोराला असलं धनुष्य काय कामाचं? टोकं पुढे वळवली की दोरी चढवल्यावर ती त्या वळणावर टेकते. ओढायला सुरुवात करताच चांगला जोर लागतो. पुढे ओढत जाऊ तशी दोरी वळणावरून सुटत जाते, टोक उघडतं आणि तरफेचा फायदा हाताला मिळतो. शेवटच्या दोन-तीन इंचांत सरळ धनुष्य एकदम जड होतं, तसं याचं होत नाही. तेवढ्याच ताकदीत बाणाला जास्त वेग मिळतो आणि धनुष्यही आखूड चालतं. मुलांची ओढ साधारण २४ इंचांची. त्यांच्यासाठी पावणेपाच फूट पुरतं.

वळण देण्यासाठी वाफ. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा चुलीवर, तळाला पाणी, तोंडाला ओलं गोणपाट आणि त्यातून आत खुपसलेलं धामणीचं टोक. इंचभर जाडीला तासभर, हा सुतारांचा जगभरचा ठोकताळा. टोकाची जाडी जेमतेम १० मिलीमीटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत काम होतं. बाहेर काढल्यावर मात्र वेळ नसतो. बाभळीचा साचा आधीच टेबलाला आवळलेला, हातात चामडी मोजे, शिकंजे उघडून ठेवलेले. टोक साच्यावर दाबायचं आणि एका दमात आवळायचं. मध्येच थांबलं की लाकूड गार होतं आणि मग कितीही दाबा, ते तुमचं ऐकत नाही. भट्टीत ठणठणीत वाळवलेल्या लाकडाला तर वाफही नीट लागत नाही. सावलीत सावकाश वाळलेल्या लाकडात जो थोडा ओलावा उरतो, तोच इथे उपयोगी पडतो.

बांबूची पट्टी निखाऱ्यावर, कोरड्या आचेवर वळवली. दोन्ही वेगवेगळी वळवून साच्यावरच एकमेकांना चिकटवली. यात एक खुबी आहे. वाफेने दिलेलं नुसतं वळण पावसाळ्यात सैल पडतं. पण दोन वळलेल्या पट्ट्या जोडल्या की प्रत्येक पट्टी दुसरीला सरळ होण्यापासून अडवते. दुकानातला रोजचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कारण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्यावा लागतो. दाबायला मी जुन्या सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून, ताणून गुंडाळल्या. शिकंजा ठिकठिकाणी दाबतो, ट्यूब सगळीकडे सारखी दाबते.

इथवरचं काम कुठल्याही चांगल्या सुताराला जमेल. खरं काम पुढे आहे आणि त्याला आमच्या भाषेत नाव नाही, कारण आम्ही ते कधी केलंच नव्हतं. मुठीच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी वाकवायची.

भिंतीवर एक उभी फळी ठोकली. वरच्या टोकाला धनुष्याच्या मुठीसाठी बैठक, खाली कप्पी. दोरीला कापूस तोलायचा लटकता काटा अडकवला. दोरी ओढायला माझी धाकटी मुलगी आणि मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा. जवळून पाहिलं तर फक्त लाकूड दिसतं, वाक दिसत नाही. ती हळूहळू ओढते, मी पाहतो. कुठे लाकूड ताठ राहिलंय, कुठे एकाच जागी ढोपर पडल्यासारखं मोडायला बघतंय. जिथे ताठ आहे तिथलंच काढायचं. जिथे जास्त वाकतंय त्या जागेला अजिबात हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण सुताराचा हात चूक दिसली की त्या जागेकडेच जातो. इथे उलट, दुबळ्या जागेला वाचवायचं तर तिच्या शेजारच्या बळकट जागा उतरवाव्या लागतात. एक पातं जोरकस आणि दुसरं ढिलं असेल तर बाण सरळ जात नाही. बैलजोडीतला एक पुढे ओढतो आणि दुसरा रेंगाळतो तेव्हा कुळवाची जी गत होते तीच.

काढायचं तरी किती? इथे लाकडाचं गणित फार कडक आहे. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे जाडीतला दहावा भाग घालवला तरी पाव हिश्शाहून जास्त जोर गेला. त्यामुळे वाकस आणि रंधा लवकरच बाजूला ठेवावे लागतात. कानस, मग पॉलिश पेपर आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. काचेच्या धारेने निघणारी साल इतकी पातळ की ती फुंकरीने उडते आणि तेवढ्यानेही काट्यावरचा आकडा हलतो. प्रत्येक वेळी खरवडल्यावर वीस-पंचवीस वेळा थोडं थोडं ओढून घ्यायचं, तेव्हा लाकूड नवा आकार मान्य करतं. घाईने ओढलं तर ते वाक धरून बसतं आणि दोरी काढली तरी सरळ होत नाही.

मुलगी दहावीला आहे. दोरी ओढता ओढता तिची नजर माझ्यापेक्षा तयार झाली. मला दोन्ही बाजू सारख्या वाटत असताना ती म्हणायची, “पप्पा, डावं पातं मुठीजवळ आडमुठं आहे.” मोजून पाहिलं की खरं निघायचं. आमच्या घरात मुलींनी रंधा धरायची पद्धत नव्हती. ती पद्धत या फळीसमोर मोडली, आणि मोडली ते बरं झालं.

मुलांसाठी ८ ते १० किलोची ओढ पुरे. खालचं पातं किंचित ताठ ठेवलं, कारण हाताची पकड मध्याच्या खाली येते आणि खालच्या पात्यावर भार जास्त पडतो. टोकांना खाचा घेतल्या, मुठीला सुतळी गुंडाळली आणि सगळ्या लाकडाला जवसाच्या तेलाचे हात दिले. जवस आमच्या शेतात रब्बीला पिकते आणि तिचं तेल हवेत सुकून लाकडावर पातळ कवच धरतं. ओलावा त्याने थांबत नाही, पण त्याची ये-जा मंदावते.

दोरीची गोष्ट वेगळी. रोजच्या सरावाला पॉलिस्टरची दोरी लावली, ती तुटत नाही आणि भिजली तरी चालते. पण सरांनी एकदा कौटिल्याचं अर्थशास्त्र आणलं. १९०९ साली म्हैसूरला छापून जगापुढे आलेल्या या ग्रंथात शस्त्रागाराचं एक प्रकरण आहे. धनुष्य ताडाचं, बांबूचं, लाकडाचं किंवा शिंगाचं असावं असं त्यात आहे आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी दिली आहे. रुई! शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो आणि जी आमच्या प्रत्येक पडीक बांधावर उगवते ती. उभ्या काड्या कापून दिवसभर कोमेजू दिल्या, साल सोलली आणि आतले रेशमासारखे पांढरे धागे ओढून काढले. चीक डोळ्यात जाऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. त्या धाग्याला पीळ देऊन केलेली दोरी मी मुलांच्या हाती दिली नाही, पण एका धनुष्यावर चढवून ठेवली आहे. येईल तो तिला तोडून पाहतो आणि हात चोळत परत देतो.

आता ती धनुष्यं शाळेच्या मैदानावर आहेत. पोत्यात भुसकट ठासून लक्ष्य केलंय. उन्हाळ्यात धनुष्य चपळ होतं, बाण टणकन सुटतो, पण लाकूड फार कोरडं झालं की तडकायची भीती असते. पावसाळ्यात ते सुस्तावतं आणि वाक धरायला बघतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर उन्हाच्या झळांनी इपॉक्सी मऊ पडून पट्टी सुटू शकते. म्हणून ती वर्गात, सावलीच्या भिंतीला, दोरी उतरवून आडवी ठेवायची असा नियम केला. दुसरा नियम त्याहून कडक: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाण घेऊन जातो तो सगळा जोर अशा वेळी लाकडातच परत आपटतो आणि धडधाकट धनुष्य एका झटक्यात मोडतं. मुलांना हे एकदा सांगून पटत नाही, रोज सांगावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर या कामात सुताराला फार काही उरत नाही. एका धनुष्यामागे जितके दिवस जातात तितक्यात एक कपाट उभं राहतं. तरी मी हे काम सोडणार नाही. प्लायवूडने माझ्याकडून जे काढून घेतलं होतं ते या कामाने परत दिलं. रेघ कुठे जाते, गाठ कुठे दडली आहे, कुठला तुकडा वर्षभर थांबेल आणि कुठला उद्याच तडकेल, हे पुन्हा पाहावं लागतं. वडिलांची नजर बाभळीपुरती होती, पण ती याच जातीची. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती, गाव त्यांच्याकडे काम घेऊन येत होतं म्हणून ती तयार झाली होती. गावाने काम मागणं थांबवलं आणि एका पिढीत ती संपत आली. कारागिरी टिकवायची म्हणून सत्कार, शाली, फोटो होतात. त्याने कुणाचा हात तयार होत नाही. मागणीने होतो.

म्हणून शेवटी तीन माणसांना सांगणं आहे. क्रीडाशिक्षकांनो, सामानाच्या यादीत एक-दोन लाकडी धनुष्यं तुमच्याच तालुक्यातल्या सुताराकडून करून घ्या. ती पहिल्या झटक्यात उत्तम होणार नाहीत, पण दुसऱ्या वर्षी होतील. सुतारांनो, मुलीच्या हातात कानस द्यायला लाजू नका. आणि शेतकऱ्यांनो, अटल बांबू समृद्धी योजनेतून बांधावर बांबू लावताना त्याच बांधावर दोन धामणी लावा. त्या कामाला येतील तेव्हा तुमची नातवंडं धनुष्य उचलण्याएवढी झालेली असतील.